मातीमोल

"लिटर संपलंय. येताना घेऊन या."

गाडीने दिवा सोडलं आणि बायकोचा हा निरोप आला. डोंबिवलीला उतरून मी पुलाखालच्या डेअरीतून एक लिटर गाईचं दूध घेतलं आणि मुकाट घरी पोचलो. दार सईने उघडलं. तिने पिशवीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि आत तोंड करून ओरडली, "आई, बाबांनी लिटर आणलं, पण दुधाचं!"

माझ्या मते यात चूक माझी नव्हती, देवनागरीची होती. इंग्रजीत दोन्हींचं स्पेलिंग वेगळं असतं म्हणे. आपल्याकडे दूध मोजायचं तेही लिटर आणि मांजर ज्यात आपला कार्यभाग उरकतं तेही लिटर. पुढे दुकानात उभं राहून मला "सहा लिटर लिटर द्या" असं म्हणावं लागलं, तेव्हा काउंटरवरच्या पोराने "काका, एकदाच सांगा, ऐकू येतं मला" असं सुनावलं होतं.

मांजर आमच्याकडे आलं ते सईच्या कॉलेजच्या बॅगेतून. पावसात भिजलेलं, मूठभर, आणि 'फक्त दोन दिवसांसाठी'. दोन दिवसांत ते बोका आहे हे कळलं, आठ दिवसांत त्याने माझी खुर्ची घेतली आणि महिन्याभरात आईने त्याचं नाव ठेवलं, खोत. आमचं मूळ गाव गुहागरकडचं. आईच्या माहेरच्या तीन पिढ्यांनी खोतांचं बरंच काही सोसलेलं. ती म्हणाली, "नांगराला हात लावायचा नाही, दिवसभर लोडाला टेकायचं आणि वेळ झाली की वसुलीला दारात उभं राहायचं. खोत नाही तर कोण हा?" खोती रद्द करणारा कायदा १९४९ साली झाला. आमच्या घरात ती त्यानंतर पंचाहत्तरएक वर्षांनी पुन्हा सुरू झाली.

आम्ही तिसऱ्या मजल्यावर. खाली रस्ता, रस्त्यावर रिक्षा, रिक्षांखाली कुत्री. तेव्हा खोतांना घराबाहेर सोडायचं नाही, असं सर्वानुमते ठरलं. ठरवताना एका गोष्टीचा विचार कुणीच केला नव्हता. ती गोष्ट खोतांनी दुसऱ्या दिवशी सकाळी आईच्या तुळशीच्या कुंडीत केली.

त्यानंतरचा अर्धा तास मी इथे लिहीत नाही. तुळस वाचली. माती बदलली. कुंडीभोवती तारेची जाळी बसली आणि तुळस राजबंद्यासारखी गजांआडून पाहू लागली. मग आईचाच राग उतरला. म्हणाली, "त्याचं तरी काय चुकलं रे? गावाला आपल्या मांजरी परसात जायच्या, अळवापाशी मऊ जागा बघून उकरायच्या, वर नीट माती ओढायच्या, वास घेऊन खात्री करायच्या नि मग शेपूट वर करून परत यायच्या. तुझ्या या घरात माती आहे कुठे? होती तेवढी त्याने शोधली."

खरं होतं. साडेसहाशे फुटांच्या घरात माती म्हणून जी काही होती ती त्या एका कुंडीत. बाकी सगळं व्हिट्रिफाइड.

मी एका पतपेढीत हिशेबनीस आहे. संकट आलं की माणसं देवाला हात जोडतात, मी खातं उघडतो. वहीत 'खोत: माती खाते' असं पान टाकलं आणि महिन्याची मर्यादा घातली, रुपये दोनशे. ज्या भाषेत स्वस्ताईचा तळ दाखवायला 'मातीमोल' म्हणतात, त्या भाषेतल्या माणसाला माती घ्यायला असा किती खर्च येणार?

मांजरांसाठी खास ट्रे मिळतो, सात-आठशे रुपयांना. बांधकामाच्या दुकानात प्लास्टिकचं घमेलं दीडशेला मिळतं. मी घमेलं आणलं. (हा माझा एकमेव निर्णय जो आजवर टिकला आहे. भांडं मांजराच्या लांबीच्या दीडपट हवं असं जाणकार सांगतात. त्या हिशेबाने घमेलं तोकडं, पण खोतांची तक्रार नाही.) घमेल्यात काय घालायचं, हा खरा प्रश्न.

पहिला प्रयोग रद्दीचा. वर्तमानपत्राच्या पट्ट्या फाडून घमेलं भरलं. रद्दीवाला किलोला बारा रुपये देतो, तेवढं बुडालेलं उत्पन्न खात्याच्या नावे टाकलं. खोत आले, पट्ट्यांवर गोल फिरले, अंगाची जिलबी केली आणि झोपले. दीड तासाने उठले ते थेट पायपुसण्यावर गेले. घरात पलंग कोणता आणि संडास कोणता याबद्दल त्यांचं मत पक्कं होतं, फक्त आमच्याशी जुळत नव्हतं.

दुसरा वाळूचा. आमच्या भागात सध्या दर तिसरी इमारत पाडून नव्याने बांधतायत, त्यामुळे वाळूचे ढीग दारोदारी. रात्री नऊ वाजता कापडी पिशवी घेऊन मी एका ढिगापाशी गेलो. वॉचमन उठला. "साहेब, एवढ्या वाळूत काय बांधताय?" मी खरं कारण सांगितलं. वाळू ब्रासवर मोजतात, एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट. बोक्यासाठी पिशवीभर वाळू नेणारा माणूस वाळूमाफिया या व्याख्येत बसतो का, यावर त्याने थोडा वेळ विचार केला आणि टॉर्च दुसरीकडे वळवला.

वाळू खोतांना पाहताक्षणी पटली. त्यांनी घमेल्यात उडी घेतली, चारी दिशांना उकरलं, मध्यभागी बसले आणि डोळे मिटून असं काही ध्यान लावलं की आईने हात जोडले. पण वाळू काही धरून ठेवत नाही. वरून पडलेलं तळाशी जातं आणि तिथे साचतं. तिसऱ्या दिवशी वासाने जिन्यापर्यंत मजल मारली. शिवाय खोतांच्या चारी पंजांना चिकटून वाळू घरभर झाली: चादरीत, चपलेत, बायकोच्या ड्रॉवरमध्ये. चौथ्या दिवशी आमटीत दाताखाली खडा आला. बायको काहीच बोलली नाही, फक्त वाटी सरकवून उठली. तिच्या न बोलण्याला मी फार भितो.

तिसरा भुशाचा. कल्याणच्या बाजूला ओळखीच्यांची लाकडाची वखार आहे. तिथे पोतंभर भुसा फुकट मिळाला, वर चहा. स्कूटरवर पुढे पोतं, मागे मी, असा घरी आलो. भुसा शोषतो चांगला, वासही लाकडाचा. पण बारीक भुसा खोतांच्या नाकात गेला. एकामागून एक अकरा शिंका. आणि बाहेर आले तेव्हा ते डोक्यापासून शेपटीपर्यंत रव्यात घोळवलेल्या बोंबलासारखे दिसत होते. त्या अवस्थेत ते हॉलमधून स्वयंपाकघरात, तिथून देवघरात आणि देवघरातून आमच्या पलंगावर गेले. पालखीच्या वाटेवर रांगोळी काढतात, तशी भुशाची वाट घरभर उमटली.

खात्यात तोवर एकूण खर्च घमेल्यासह एकशे बाहत्तर रुपये. मी खूश. घरात मी एकटाच.

"बाबा," सई म्हणाली, "तुम्ही त्याच्या बाजूने विचारच करत नाही." मग तिने मला तासभर शिकवलं. पाळीव मांजराचा मूळपुरुष म्हणजे उत्तर आफ्रिका आणि पश्चिम आशियातलं रानमांजर. कोरड्या मुलखातला प्राणी. पाणी कमी, म्हणून मूत्र घट्ट, म्हणून वास जबर. तो वास शत्रूला लागू नये म्हणून पुरून टाकायचं. पायाखाली बारीक, मऊ, सुटी वस्तू हवी ती याचसाठी. म्हणजे हजारो वर्षांपूर्वी धान्याच्या कोठारांशी उंदीर मारायला आलेल्या त्या प्राण्याने माणसाचं घर घेतलं, दूध घेतलं, खुर्ची घेतली, पण मोरीच्या बाबतीत तो अजून वाळवंटातच राहतो. घर त्याच्यासाठी लांबलेला मुक्काम आहे.

मग तिने अमेरिकेतली गोष्ट सांगितली, आणि ती मला फार आवडली. मिशिगन राज्यातला एड लो नावाचा तरुण. वडिलांचा धंदा कारखान्यांना शोषक माल पुरवायचा. जमिनीवर तेल-ग्रीस सांडलं की टाकायला लाकडाचा भुसा, वाळवलेल्या मातीची खडी वगैरे. १९४७ च्या थंडीत शेजारीण त्याच्याकडे आली. मांजरासाठी ठेवलेला वाळूचा ढीग गोठलेला. चुलीतली राख वापरली तर मांजर काळे पाय घेऊन घरभर हिंडतं. थोडी वाळू देता का? याने वाळूऐवजी ती शोषक माती दिली. बाई काही दिवसांनी आणखी मागायला आल्या. तेव्हा याने पाच-पाच पौंडांच्या पिशव्या भरल्या, 'किटी लिटर' लिहिलं आणि ६५ सेंट किंमत सांगितली. दुकानदार म्हणाला, वाळू जवळजवळ फुकट मिळत असताना मातीला पैसे कोण देणार? एड लो म्हणाला, मग फुकट वाटा. लोकांनी नेली आणि पुढच्या वेळी पैसे देऊन मागायला आले.

त्या दुकानदाराबद्दल मला आजही आपुलकी वाटते. प्रश्न अगदी बरोबर होता. बाजूने कोणी उभं राहिलं नाही, एवढंच.

पण खरी गंमत पुढे. ती माती कोणती? फुलर्स अर्थ. म्हणजे आपली मुलतानी माती! ज्या वर्षी मुलतान फाळणीत पलीकडे गेलं, त्याच वर्षी त्याच्या नावाची माती अमेरिकेत मांजराखाली गेली. मी उठून न्हाणीघरात गेलो. आरशाखाली बायकोचं मुलतानी मातीचं पाकीट होतं, शंभर ग्रॅम, चाळीस रुपये. किलोला चारशे पडत होते, तेव्हा तो विचार तिथेच सोडला. मात्र ही माहिती स्वतःजवळ ठेवायला हवी होती, ती मी रविवारी सकाळी, बायको चेहऱ्याला लेप लावून हालचाल न करता पडली असताना, तिला दिली. लेप वाळल्यावर हसायचं नसतं म्हणतात. रागावल्यावरही त्याला तडे जातात, हे मला नवीन होतं.

त्या दिवशी खात्याची मर्यादा दोनशेवरून वाढवण्यात आली. ठराव बायकोने मांडला, अनुमोदन आईने दिलं.

पाळीव प्राण्यांच्या दुकानात मी प्रथमच गेलो. एक भिंत पूर्ण लिटरची. काही पिशव्यांवर वजन किलोत, काहींवर माप लिटरमध्ये. साडीचा भाव एका दुकानात वारावर आणि दुसऱ्यात किलोवर सांगावा तसा प्रकार. जड माती किलोने विकायची, हलका माल लिटरने विकायचा, आणि गिऱ्हाइकाने मध्ये उभं राहून डोकं खाजवायचं. मी वही काढली. पोरगा समजूतदार होता, त्याने स्टूल दिलं.

सिलिका जेलचे खडे. बुटाच्या खोक्यात 'खाऊ नये' लिहिलेली पुडी येते ना, तेच, पण बादलीभर. पाणी पितात भरपूर, महिनाभर टिकतात म्हणे. नमुना घरी नेला. खोतांनी एक पंजा ठेवला, कर्र झालं, पंजा उचलून झटकला आणि माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्यांना काचेच्या चुऱ्यावर चालायला सांगत होतो.

लाकडाच्या गोळ्या. भुसाच, दाबून खडूच्या तुकड्याएवढा केलेला. ओल लागली की फुटून पुन्हा भुसा होतो, तो चाळणीतून खाली पडतो, वर कोरड्या गोळ्या राहतात. स्वस्त आणि डोक्याने केलेली वस्तू, मला मनापासून पटली. आमच्या एमआयडीसीत बॉयलरसाठीही अशाच गोळ्या आणि 'पांढरा कोळसा' मिळतो हे आठवून मी एका पुरवठादाराला फोनही केला. "किती टन?" त्याने विचारलं. "अडीच किलो." फोन कट. आणि कट झाला तेच बरं. बॉयलरच्या मालात काय काय कुटलेलं असेल कोण जाणे. दुकानातल्या गोळ्यांवर मात्र खोत अनवाणी माणूस खडीवरून चालावा तसे चालले, आणि पुन्हा पायपुसण्याकडे वळले.

मग टोफू लिटर. हेच ते सहा लिटर लिटर. वजन अडीच किलो, किंमत सातशे. सोयाबीनचं दूध काढून घेतल्यावर उरलेला चोथा, त्यात स्टार्च आणि चिकटायला गवारीच्या बियांचा डिंक. आई म्हणाली, "म्हणजे भाजीच झाली की!" हलकं, धूळ नाही, वास नाही, खोतांना चाललं. पण मला चालेना. २०२४-२५ च्या हंगामात केंद्राने सोयाबीनला जाहीर केलेला हमीभाव होता क्विंटलला ४,८९२ रुपये. म्हणजे किलोला एकोणपन्नासही नाहीत, आणि लातूरच्या शेतकऱ्याला तेवढे मिळाले तरी तो नशीबवान. त्याच सोयाबीनमधला कस काढून घेतलेला चोथा बोक्याच्या घमेल्यात जाताना किलोला दोनशे ऐंशी. मी हे जेवताना बोललो. सई म्हणाली, "बाबा, पटतंय, पण त्यात खोताचा काय दोष?" दोष नव्हताच. तो तर त्यावर माती ओढत होता. चोथा ओढत होता, म्हणू.

राहिलं बेंटोनाइट. ही खरी माती. आपल्याकडे कच्छमध्ये भरपूर निघते. ओल लागली की फुगते आणि घट्ट गोळा होतो. गोळा तेवढा उचलायचा, बाकी माल कोरडा. गोणी जिन्यातून नेताना दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी विचारलं, "यंदा गणपती घरीच करताय वाटतं? शाडू का?" श्रावण चालू होता, त्यांचा अंदाज चुकीचा म्हणता येणार नाही. मी "हो, बघू" म्हणून वर सटकलो. त्या काकू आता दर आठवड्याला मूर्ती कुठवर आली ते विचारतात.

गोळे उचलायला छिद्रांची पळी लागते, ती मी दुकानात विसरलो होतो. अंधार पडला होता, खोत मोकळे होऊन गेले होते, आणि स्वयंपाकघरात भिंतीला बुंदीचा झारा टांगलेला होता. आईचा, पितळी, लग्नात मिळालेला. माप अगदी नेमकं. गोळा वर, कोरडी माती भोकांतून खाली, बुंदी पाडावी तशी. काम इतकं सुबक झालं की मी बायकोला कौतुकाने हाक मारली. ही चूक मोठी होती. झारा आता कायमचा खोतांच्या नावे आहे, आमच्याकडे दिवाळीला बुंदीचे लाडू विकत येतात, आणि तो खर्च मी कोणत्या खात्यात टाकायचा ते अजून ठरलेलं नाही.

आता हिशेब सांगतो, कारण इथेच मी माती खाल्ली होती. बेंटोनाइटच्या शेजारी गोळा न होणारी साधी माती होती, किलोला तीस रुपये. गोळा होणारी साठला. मी अर्थातच आधी तीसवाली घेतली होती. चार किलो घमेल्यात ओतली. गोळाच होत नाही म्हटल्यावर काढणार काय? चौथ्या दिवशी सगळंच्या सगळं फेकायचं. म्हणजे दिवसाला किलो, महिन्याला तीस किलो, नऊशे रुपये. साठवालीतून रोज निघतात ते तीन-चार गोळे. मी ते आठवडाभर जुन्या ताणकाट्याला पिशवी लावून तोलले (बायको माहेरी होती), सरासरी पाव किलो. महिन्याला आठ किलो, शिवाय महिनाअखेर घमेलं रिकामं करून धुवायचं तेव्हाचे चार. बारा किलो, सातशे वीस. दुप्पट भावाची माती महिन्याला एकशे ऐंशीने स्वस्त! तीस वर्षं लोकांच्या ठेवींचं व्याज काढणाऱ्या मला हे एका बोक्याने दाखवलं.

सुगंधी माती घेऊ नका. लॅव्हेंडरवाली बायकोला आवडली होती. ज्याचं नाक आपल्या कितीतरी पट तिखट, त्याला अत्तराच्या कारखान्यात बसून मोकळं व्हायला सांगण्यासारखं आहे. खोत दोन दिवस न्हाणीघराच्या जाळीवर जात होते. आणि घमेलं वॉशिंग मशीनशेजारी ठेवू नका. मशीन मध्येच घुर्रर्र करून फिरायला लागतं, आणि अशा प्रसंगी कोणालाही दचकवू नये.

फ्लशमध्ये टाकू नका, हेही अनुभवाचंच. एका रविवारी खाली उतरायचा कंटाळा केला आणि गोळे भांड्यात टाकून साखळी ओढली. फुगणं हा ज्या मातीचा धर्म, तिला मी भरपूर पाणी दिलं. प्लंबरने दोन तास बांबू घातला, मग वर पाहून विचारलं, "काका, सिमेंट ओतलंत का?" नऊशे रुपये. एका दिवसात सव्वा महिन्याचं लिटर.

त्यामुळे रोज सकाळी कागदात गुंडाळून घंटागाडी. तिथे वेगळाच पेच. ओला कचरा की सुका? गाडीवरचा मुलगा हिरव्या डब्याशी थांबला, निळ्याशी थांबला. "काका, हे नक्की काय आहे?" मी म्हटलं, "बाहेरून माती, आतून ओलं." त्याने पुडी हातात तोलली, वास घेतला आणि मग जिथे टाकली तिथे टाकली. तेव्हापासून तो मला लांबूनच "मातीवाले काका" म्हणून हाक मारतो.

एवढा खटाटोप करून काय मिळालं? तर डॉक्टरीणबाईंची शाबासकी. लसीसाठी खोतांना नेलं तेव्हा त्यांनी विचारलं, "लघवी नीट होते ना? दिवसाला किती गोळे?" मी म्हटलं, "नगात सांगू की ग्रॅममध्ये?" वही पाहून त्या थक्क झाल्या. बोक्यांची मूत्रनळी अरुंद. खडे किंवा तसलंच काही अडकलं की लघवी तुंबते आणि एक-दोन दिवसांत जिवावर बेततं. गोळे लहान झाले, थांबले किंवा बोका सारखा घमेल्यात जाऊन नुसताच बसू लागला, तर घड्याळ न बघता दवाखान्यात आणायचं, असं त्यांनी बजावलं. घरात कोणी गरोदर असेल तर तिने हे काम करायचं नाही आणि इतरांनी रोजच्या रोज करायचं, कारण मांजराच्या विष्ठेतून होणारा टॉक्सोप्लाझ्माचा संसर्ग विष्ठा एक-दोन दिवस पडून राहिल्यावर पसरायला लागतो, हेही सांगितलं. मी दोन्ही गोष्टी वहीत लिहून घेतल्या. ऑडिटरला वही दाखवताना हल्ली ते पान मी चिमटा लावून बंद करतो.

तर सातशे वीस. तेही मला सलत होते. चौकशी करता करता कळलं की क्रॉफर्ड मार्केटजवळच्या एका घाऊक व्यापाऱ्याकडे पंचवीस किलोची गोणी आठशेला मिळते. किलोला बत्तीस! दुसऱ्या शनिवारी सकाळीच गेलो. मंडईच्या दारावर शेतकऱ्यांची शिल्पं आहेत, लॉकवुड किपलिंगची, १८६९ च्या सुमाराची. थांबून नीट पाहिली. त्यात कोणीही माती विकत घेताना दिसत नाही.

गोणी हमालाने आकडा मारून डोक्यावर घेतली आणि मशीद स्टेशनवर लगेजच्या डब्यात चढवली. डब्यात भाजीच्या टोपल्या, तेलाचे डबे, आणि भाऊच्या धक्क्यावरून आलेल्या चार कोळणी, समोर मासळीच्या पाट्या. बर्फ वितळून पाट्यांतून पाणी ठिबकत होतं आणि गाडी वळली की ते पाणी सगळ्यांच्या पायांखालून फिरून येत होतं.

"काय रं भाऊ, गोनीत काय हाय?" थोरलीने विचारलं.

"माती."

"माती? मुंबैहून? डोंबिवलीला?" चौघी एकमेकींकडे पाहून हसल्या. "तिथली संपली काय?"

"मांजरासाठी आहे."

मग त्या जे हसल्या ते कुर्ला येईपर्यंत. घाटकोपरला गर्दी चढली, कुणाचा तरी पाय लागला आणि हमालाच्या आकड्याने पडलेलं भोक फाटलं. माती भळभळ सांडली ती थेट त्या मासळीच्या पाण्यात. मी हात लावेपर्यंत दोन-तीन किलो गेली. एका मिनिटात पाणी दिसेनासं झालं. जमिनीवर राखाडी ढेकळं, आणि भोवती कोरडं. थोरली खाली वाकली, एक ढेकूळ बोटाने दाबलं, नाकाला लावलं. "अगं ए, वास गेला की!"

एड लोच्या वडिलांचा धंदा मला तेव्हा नीट समजला.

मुलुंडपर्यंत चौघींनी आपापल्या पाटीखाली ओंजळ-ओंजळ माती पसरून घेतली. भाव विचारला. मी विकत नाही म्हणालो. "फुकट नको आमाला," थोरली म्हणाली आणि केळीच्या पानात अर्धा किलो मांदेली बांधून माझ्या मांडीवर ठेवली. "मांजराला दे. आनि घरवालीलाबी."

घरी काटा लावला, गोणी एकवीस किलो भरली. जमेला काय धरायचं आणि नावे काय टाकायचं, याचा विचार करत मी वही घेऊन बसलो. आतून मांदेली तळल्याचा वास येत होता आणि खोत स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर वसुलीला उभे होते. बायको दाभण आणि सुतळी घेऊन गोणीपाशी बसली, तशी आई तव्यावरून नजर न काढता म्हणाली, "अगो, ते भोक शिवू नकोस. पुढच्या खेपेला पापलेटवाली भेटली तर?"